आकार बदलणाऱ्या टेबलासाठी मोटर कुठली घ्यावी? त्याआधी हाताचं काय करायचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांना अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘इनफॉर्म’सारखं टेबल बनवायचंय, म्हणजे ज्याच्या पिना वर-खाली होऊन पृष्ठभागाचा आकार बदलतो असं. ३० बाय ३० पिना, प्रत्येक पिनेखाली छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी), वरून प्रोजेक्टर. विषय नवी मुंबईची जमीन: खाडी, पारसिकचा डोंगर आणि विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी, आधी कशी होती आणि नंतर कशी झाली. लोकांनी नुसतं बघू नये, हात लावून बदल करावा अशी इच्छा. विचारलंय की मोटर कुठली घ्यावी, हात लागला हे कसं ओळखावं, आणि हात लावायची परवानगी आहे हे लोकांना कसं कळावं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्रदर्शनांसाठी हलती मॉडेल्स करतो. त्यामुळे उत्तर कारखान्याच्या बाजूने येईल, थोडं सांभाळून घ्या.

तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला आहे. पिनेला हात लागल्यावर तिने काय करायचं हे ठरल्याशिवाय मोटर निवडताच येत नाही. हाताने दाबली तर ती खाली जाणार आहे की घट्ट उभी राहणार आहे? हात काढल्यावर परत येणार की तिथेच थांबणार? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर गिअर, करंट, सेन्सर, खर्च सगळं अवलंबून आहे. बहुतेक मुलं उलटं करतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात मोटरी उचलून आणतात आणि मग त्या मोटरींना जे जमतं तेवढंच टेबलाचं वागणं ठरतं.

आधी इनफॉर्मबद्दल, कारण त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो पण आतलं यंत्र फार कमी लोकांनी. डॅनियल लाइथिंगर, शॉन फॉल्मर आणि हिरोशी इशी यांच्या गटाने ते २०१३ मध्ये मांडलं. ९०० पिना, प्रत्येक साधारण साडेनऊ मिमी चौरस, मधे तीनेक मिमी फट, आणि १०० मिमी वर-खाली जाण्याची क्षमता. मोटर म्हणून त्यांनी साउंड मिक्सरमध्ये असतो तो मोटरवाला फेडर, म्हणजे सरकती कळ, वापरला. ही निवड फार हुशारीची होती. फेडरला स्वतःचं पोटेन्शिओमीटर (जागा मोजणारा भाग) असतं, म्हणजे पिन कुठे आहे ते सतत कळतं. तो बेल्टवर चालतो, म्हणजे हाताने ढकलला तर सरकतो. आणि त्याचं घर्षण इतकं असतं की वीज काढून घेतली तरी पिन जागेवर राहते. एकाच भागात चालना, मोजमाप आणि हाताला वाट, तिन्ही. प्रत्येक पिन जोर लावते तो जेमतेम १ न्यूटनचा, म्हणजे शंभरेक ग्रॅम वजनाइतका. बोट चिरडायला तो पुरत नाही, आणि बोटाला जाणवायला पुरेसा आहे.

मग त्याच फेडरची नक्कल का करू नये? कारण तो पिनेपेक्षा खूप मोठा आहे. साडेनऊ मिमीच्या पिनेखाली बसत नाही. म्हणून त्यांनी मोटरी लांब, वेगवेगळ्या थरांत बसवल्या आणि प्लास्टिकच्या नळ्यांतून नायलॉनच्या काड्या ओवून हालचाल पिनेपर्यंत आणली. ९०० नळ्या. सहा-सहा पिनांना एक अशी १५० कंट्रोल बोर्डं. सगळं एकदम चाललं तर २,७०० वॉट. ज्याला आपण व्हिडिओमध्ये बाहुलीच्या घराएवढं टेबल समजतो, त्याचा खालचा डोलारा त्याहून कितीतरी मोठा आहे. एका फेडरची किंमत स्वस्त सर्व्होच्या कित्येक पट असते, त्याला ९०० ने गुणा, आणि विषय सोडून द्या.

आता तुमच्या सर्व्होंचं गणित. नऊ ग्रॅमची साधी सर्व्हो अडकली की अर्धा ते पाऊण अँपियर खेचते. ९०० मोटरी एकाच वेळी हलायला लागल्या आणि काही अडकल्या तर पाच व्होल्टवर पाचशे अँपियरच्या पुढे जायला वेळ लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये हे चालवायला तुम्हाला कुणी देणार नाही, आणि देऊ नये.

पण ९०० चा आग्रह सोडायचं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. ऐरोलीपासून उलव्यापर्यंत तीसेक किलोमीटरचा चौकोन घेतला, तर ३० पिनांत एक पिन म्हणजे एक किलोमीटर. अख्खी उलव्याची टेकडी एक-दोन पिनांत संपली. जी गोष्ट सांगायची तीच टेबलावर दिसणार नाही, आणि बाकी आठशे नव्वद पिना सपाट जमीन म्हणून नुसत्या उभ्या राहतील. तेव्हा पारसिक सोडा, ऐरोली सोडा. फक्त विमानतळाचा भाग घ्या. १२ बाय १२, म्हणजे १४४ पिना, आणि एक पिन बरोबर ४०० मीटर. विमानतळाची जमीन १,१६० हेक्टर आहे, ती या हिशेबात सत्तरेक पिना व्यापते, म्हणजे निम्मं टेबल. धावपट्टी ३,७०० मीटरची, ती नऊ पिनांवर येते. टेकडीला मूठभर पिना मिळतात. मूठभर म्हणजे अक्षरशः मुठीत मावतील एवढ्या, आणि ते चांगलंच आहे, कारण तळहाताने ती दाबता येते.

उंचीचं काय? पिना २२ मिमी अंतरावर बसवल्या तर प्रमाण साधारण १ ला १८,००० होतं. नव्वदेक मीटरची टेकडी या प्रमाणात पाच मिमी भरते. हाताला ती टेकडी वाटणार नाही, उंबरठाही वाटणार नाही. म्हणून उभी उंची सातपट वाढवा, म्हणजे टेकडी पस्तीस मिमीची होते. ही सातपट टेबलाच्या काठावर मोठ्या अक्षरांत लिहा. भूगोलाचे मास्तर बघायला आले तर पहिला प्रश्न हाच विचारतील. आणि एक गोष्ट आताच डोक्यातून काढा: भरती-ओहोटी पिनांनी दाखवायची. आपल्याकडची मोठी भरती पाचेक मीटरची, सातपट वाढवूनही ती दोन मिमीच होते. पाणी प्रकाशाने दाखवा, जमीन पिनांनी. ही वाटणी एकदा पक्की केली की बघणाऱ्यालाही लगेच कळतं, निळं हलतं ते पाणी आणि बोटाला लागतं ती जमीन.

आता मूळ मुद्दा. टेकडी दाबली की काय व्हावं?

नुसती खाली गेली तर ते मोठं बटण झालं. लोक दोनदा दाबतील, हसतील, पुढच्या स्टॉलवर जातील. पण प्रत्यक्षात काय झालं ते आठवा. टेकडी कापली, तो दगड-मुरूम आजूबाजूच्या सखल, दलदलीच्या जमिनीत भराव म्हणून गेला, आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. तेव्हा टेबलाला हाच नियम लावा: माती नाहीशी होत नाही. टेकडीच्या पिना जेवढ्या खाली जातील तेवढंच घनफळ सखल पिनांत वाटलं जाईल. पाच पिना तीस मिमी दाबल्या तर दीडशे मिमी ‘माती’ झाली. ती साठ पिनांवर पसरली की प्रत्येकी अडीच मिमी. प्रमाणात हे सहा-साडेसहा मीटरच्या भरावाइतकं होतं, म्हणजे आकडा अगदीच हवेतला नाही. डोळ्याला अडीच मिमी किरकोळ वाटतील. पण टेकडीवर एक तळहात आणि सखल भागात दुसरा ठेवणाऱ्या माणसाला एक हात खाली जाताना दुसरा वर उचलला जातोय हे जाणवेल. स्क्रीनवर हे दाखवता येतं, पण जाणवून देता येत नाही. तुमच्या प्रोजेक्टचं सगळं समर्थन या एका क्षणात आहे. व्हायव्हात परीक्षक ‘मोठा टचस्क्रीन का नाही घेतला?’ असं विचारणारच, तेव्हा त्यांचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगा.

नदीचंही तसंच. भरावाच्या पिना नदीच्या ओळीत वर आल्या की निळा प्रकाश अडतो, तुंबतो, बाजूची सखल वाट शोधतो. हे सॉफ्टवेअरमध्ये सोपं आहे: प्रत्येक चौकटीतून पाणी सगळ्यात खालच्या शेजाऱ्याकडे. त्यासाठी जलविज्ञानाचं पूर्ण मॉडेल लिहीत बसू नका.

एवढं ठरलं की मोटरचं उत्तर आपोआप अरुंद होतं. पिनेने हाताला वाट द्यायची आहे, पण हात काढल्यावर तिथेच थांबायचं आहे, आणि हाताविनाही स्वतः हलायचं आहे.

लीड स्क्रूवाली, म्हणजे आट्याचा दांडा फिरवणारी, छोटी गिअर मोटर या कामाला बाद. ती वीज नसताना घट्ट उभी राहते, हा तिचा गुण, पण हाताने ढकलली तर जागची हलत नाही. शिवाय संथ: मिनिटाला दोनशे फेरे आणि पाऊण मिमीच्या आसपासचा आटा धरला तर पस्तीस मिमीला पंधरा-एक सेकंद. ज्या प्रदर्शनात कुणी हात लावणारच नाही तिथे ती छान. शेप मेमरी तार आकर्षक वाटते, आवाज शून्य, पण ती तापवून आखडते आणि थंड होऊन सुटते. थंड होणं आपल्या हातात नसतं, आणि मे महिन्यात बंद पेटीत तर मुळीच नसतं. इव्हान पुपिरेव्ह यांनी सोनीच्या प्रयोगशाळेत २००४ च्या सुमाराला ‘ल्युमेन’ नावाचं १३ बाय १३ चं पटल या तारेवर केलं होतं. त्यात पिना काही मिमीच हलत आणि तेवढं त्या कामाला पुरेसं होतं. हवेच्या फुग्यांचं तंत्र मऊ आकारांना चांगलं, पण १४४ झडपा आणि कॉम्प्रेसरची घरघर कोण ऐकणार?

म्हणून सर्व्होच, पण तुम्ही म्हणता तशी नाही. साध्या सर्व्होत दोन दोष आहेत. ती कुठे आहे हे बाहेर सांगत नाही, आणि प्लास्टिकचे दात असलेल्या गिअरवर कुणी जोरात थाप मारली की दात जातात. लहान मुलं थाप मारतातच. यावर माझा उपाय असा: पिनेच्या माथ्यावर मेकॅनिकल कीबोर्डचा एक स्विच बसवा. हा स्विच एकूण चार मिमी दबतो, साधारण दोन मिमीवर जुळतो, आणि दाबायला पन्नासेक ग्रॅम लागतात. बोट टेकलं, टोपी थोडी दबली, स्विचने कळवलं, की सर्व्होने पिन खाली न्यायला सुरुवात करायची. जोवर स्विच दाबलेला तोवर पिन खाली जात राहणार. बोट उचललं की थांबणार. माणसाला वाटतं आपण ढकलतोय, प्रत्यक्षात पिन स्वतःच मागे सरतेय. गिअरवर उलटा जोर फारसा येतच नाही, कारण पहिला धक्का स्विचची स्प्रिंग खाते. आणि पोटेन्शिओमीटर वाचायची गरजही गेली. १४४ स्विच वाचायला ७४एचसी१६५ जातीच्या अठरा आयसी (आठ-आठ स्विच वाचणाऱ्या चिप) पुरतात, सर्व्हो चालवायला सोळा-सोळा वाटांची पीसीए९६८५ ची नऊ बोर्डं. ईएसपी३२ नावाचा एक साधा, छोटा कंट्रोलर हे सगळं ओढतो.

यात ओढून वर काढणं जमत नाही, ते सोडून द्यायचं. डोंगर हाताने उगवत नाही, तेव्हा विषयाशी ते सुसंगतच आहे. टेकडी परत आणायला काठावर एक वेगळी कळ ठेवा. ती दाबली की सगळं पूर्ववत, पण हळू. आठ-दहा सेकंद लागू द्या.

आता यांत्रिक भाग. सर्व्होच्या हाताला काडी जोडून पिन वर-खाली करायची, म्हणजे क्रँक. हात वीस मिमीचा आणि अर्धा फेरा घेतला तर चाळीस मिमी मिळतात. पण दोन्ही टोकांना हात आणि काडी एका रेषेत येतात, तिथे पिन अडून बसते आणि जोर नको तिथे जातो. म्हणून १८० अंश वापरू नका, वीस ते एकशे साठपर्यंतच फिरवा. साडेसदतीस मिमी मिळतात, तुमच्या पस्तीसला ते पुरतात. क्रँकचा एक फायदा असा की मोटर एकाच वेगाने फिरली तरी पिन सुरुवातीला आणि शेवटी मंद होते, मधे वेगात जाते. अशी चाल डोळ्याला सहज वाटते, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागत नाही.

जोराचा हिशेब कागदावर करून ठेवा. सर्व्होवर १.८ किलो-सेंटिमीटर लिहिलेलं असतं. हात दोन सेंटिमीटरचा म्हणजे टोकाला ०.९ किलो. इनफॉर्मच्या शंभर ग्रॅमशी तुलना करा, नऊपट आहे. एवढा जोर लहान मुलाच्या बोटाला दुखवू शकतो. म्हणून पिनेचा माथा खालच्या दांड्यापेक्षा रुंद कधीही नको. रुंद असला तर पिन वर असताना माथ्याखाली पोकळी होते, बोट आत जातं, आणि पिन उतरताना ते सापडतं. बोट अडकू नये म्हणून यंत्रांमधली फट २५ मिमीपेक्षा मोठी ठेवावी असं सुरक्षेचं मानक सांगतं. तुमच्याकडे ते शक्य नाही, तेव्हा उलटं टोक पकडा: फट इतकी लहान की बोट शिरूच नये. १९ मिमीचा चौकोनी पोकळ अॅल्युमिनियम सेक्शन घ्या, खिडक्या करणाऱ्यांकडे मिळतो. अंतर २२ मिमी, फट तीन. कीबोर्डचा स्विच त्या पोकळीत आरामात बसतो, टोपी अठराच्या आसपासची असते, आणि चौकोनी सेक्शन गोल दांड्यासारखा स्वतःभोवती फिरत नाही. कडा कानशीने मारून घ्या.

सर्व्होचा देह २३ मिमी लांब, कान धरून ३२. बावीस मिमीत तो बसणार नाही. म्हणून बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळ्या घरांच्या सर्व्हो वरच्या थरात, पांढऱ्या घरांच्या खालच्या थरात. खालच्यांच्या काड्या लांब होतात, त्या वाकू नयेत म्हणून सायकलच्या स्पोकची तार वापरा.

पिना सरळ चालण्यासाठी दोन छिद्रपट्ट्या लागतात, एक वर, एक खाली. दोन्हींमधलं अंतर पिनेच्या रुंदीच्या निदान दुप्पट, शक्य तर तिप्पट. कमी ठेवलं की पिन तिरकी होऊन अडकते आणि मग ग्रीस कितीही लावा. या पट्ट्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाच्या) करू नका. स्वस्त आहे, लेझर कटिंगवाला लगेच कापून देतो, मार्चमध्ये मखमलीसारखी चाल मिळते. जुलैत ऐरोलीच्या दमट हवेत तीच एमडीएफ फुगते आणि अर्ध्या पिना घट्ट होतात. नायलॉनही पाणी पितं. पाच मिमी अॅक्रिलिक घ्या, छिद्र पिनेपेक्षा ०.३ मिमी मोठं धरा. लेझरची कापणी किंचित उताराची असते हे लक्षात ठेवून आधी एका तुकड्यावर वेगवेगळ्या मापांची छिद्रं कापून बघा. वागळेत किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत असा तुकडा कुणीही कापून देईल, फक्त शनिवारी जाऊ नका, त्यांची आठवड्याची सगळी कामं तेव्हाच उरकायची असतात.

वीज: १४४ सर्व्हो एकदम हलवायच्याच नाहीत. एका वेळी वीसच्या वर नको. मग अडकल्या तरी तेरा-चौदा अँपियरवर थांबतं. दुकानांवरच्या एलईडी पाट्यांना लागतो तो पाच व्होल्ट चाळीस अँपियरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) यात सुखाने चालतो. प्रत्येक पीसीए बोर्डाशेजारी मोठा कपॅसिटर, जाड वायर, आणि करंट ब्रेडबोर्डातून कधीच नाही. प्रत्येक टोपीखाली एक रंगीत एलईडी घातला तर त्या सगळ्या पूर्ण पांढऱ्या झाल्यावर साडेआठ-नऊ अँपियर घेतात, त्यांना दुसरा सप्लाय द्या. हो, प्रोजेक्टर नकोच असं माझं मत. वरून पडणाऱ्या चित्रात माणसाचा हात मधे आला की सावली पडते, आणि हात तर येणारच आहे, त्याच्यासाठीच टेबल आहे. शिवाय पिन वर गेली की तिच्यावरचं चित्र सरकतं, ते जुळवत बसावं लागतं. पारदर्शक टोपीखालचा दिवा जिथे आहे तिथेच राहतो.

एका वेळी वीसच पिना हलवायच्या ही मर्यादा तुम्हाला अडचण वाटेल. ती वरदान आहे. भराव एकदम सगळीकडे उगवला तर माणसाला कळतच नाही की तो आपल्या दाबण्यामुळे उगवला. हात जिथे आहे तिथून बाहेर, एकेक कडं करत, सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांच्या फरकाने पिना वर आणा. कडं मोठं असेल तर त्याचेही दोन भाग करा. एका सेकंदाच्या आसपास लाट टेबलभर जाते. डोळा ती लाट हातापर्यंत मागे शोधत येतो आणि कारण-परिणाम जुळतो. वायरिंगचा प्रश्न आणि समजण्याचा प्रश्न, दोन्ही एकाच युक्तीत सुटले.

वेळेबद्दल आणखी दोन गोष्टी. बोट टेकल्यापासून शंभर मिलिसेकंदांच्या आत काहीतरी झालं पाहिजे, निदान दिव्याचा रंग बदलला पाहिजे. त्याहून उशीर झाला की लोक आणखी जोरात दाबतात, आणि मग तुमचे गिअर जातात. दुसरं, पिन मोठी हालचाल करणार असेल तर आधी तिचा दिवा क्षणभर उजळू द्या. जिच्यावर हात आहे ती पिन मात्र हाताच्या मालकीची, प्रोग्रॅमने तिला हात असेपर्यंत शिवायचं नाही. यंत्र आणि माणूस एकाच पिनेवर भांडायला लागले की माणूस हात काढून घेतो आणि पुन्हा लावत नाही.

तर मग हात लावायची परवानगी. आपल्याकडे प्रदर्शनात ‘कृपया हात लावू नये’ वाचतच आपण मोठे झालोय, ‘हात लावा’ अशी पाटी लावून ती सवय मोडत नाही. शिवाय आपोआप हलणाऱ्या वस्तूला लोक मुळातच बिचकतात. तुमचं टेबल सतत काहीतरी नाच करत राहिलं तर लोक हाताची घडी घालून बघत उभे राहतील. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २०१७ साली लावलेल्या कोका-कोलाच्या फलकात १,७६० हलते एलईडी ठोकळे होते, २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये ११,००० चालकांची भिंत प्रेक्षकांचे चेहरे उठवून दाखवत होती. ती बघण्याची कामं आहेत, लांबून. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. म्हणून कुणी नसताना टेबल स्तब्ध ठेवा. माणूस जवळ आला, साध्या सेन्सरने कळलं, की फक्त टेकडीच्या माथ्याची पिन दोन-तीन मिमी खाली जाऊन परत येऊ द्या, एकदाच. दाबल्यावर जे होणार आहे त्याची ती झलक आहे. काठ रुंद ठेवा, मनगट टेकायला जागा मिळाली की बोटं आपसूक पुढे जातात. उंची पंच्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे सहावीतलं मूलही वाकून हात घालतं. आणि पहिल्या तासात तुमच्यातल्याच एकाने प्रेक्षक बनून दाबत उभं राहावं. लोक सूचना वाचत नाहीत, शेजारच्याचं बघून करतात.

रस्मुसेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या क्षेत्रातल्या कामांचा आढावा घेतला होता. आकार किती प्रकारे बदलतो याची आठ प्रकारांत छान विभागणी त्यात आहे, आणि तक्रारही अशी की लोक यंत्रं बांधतात पण वापरणाऱ्याला काय वाटतं हे फारसं तपासत नाहीत. लँकेस्टर विद्यापीठात २०१५ मध्ये ‘इमर्ज’ नावाचा १० बाय १० दांड्यांचा आलेख केला गेला, तिथे मात्र लोकांनी दांडे ओढून-दाबून खुणा करणं, नको ती माहिती लपवणं, रांगा बदलणं हे कसं केलं ते अभ्यासलं. शंभर दांड्यांवर एवढं काम होतं. तुमच्या १४४ कमी नाहीत.

तुम्ही ही तपासणी मोटरी विकत घेण्याआधी करू शकता, आणि करा. पुठ्ठ्याच्या चौकोनी नळ्या करा, टेबलाला भोक पाडा, कापड सोडा, आणि तुमच्यातल्या दोघांनी खाली बसून हाताने नळ्या वर-खाली करा. वरून मैत्रिणीला, शिपायाला, कँटीनवाल्या काकांना दाबायला सांगा. ते कुठे दाबतात, बोटाने की तळव्याने, भराव वर आला की हात तिकडे नेतात का, हे लिहून घ्या. तळव्याने दाबणारे जास्त निघाले तर एकेका स्विचऐवजी तीन-चार पिनांचा गट एकत्र खाली न्यायचा नियम लागेल, हे तुम्हाला फुकटात कळेल.

शक्य झालं तर एखाद्या अंध व्यक्तीलाही बोलवा. पिनांच्या पटलाचा आज जगात खरा, रोजचा उपयोग त्यांच्याकडेच आहे. जर्मनीच्या हायपरब्रेल पटलात ७,२०० पिना आहेत, पण त्या मिलिमीटरभरही उठत नाहीत, कारण वाचणाऱ्या बोटाला तेवढं पुरतं. तुमच्या टेबलावर नदी फक्त निळ्या दिव्याने दाखवली असेल तर त्यांच्यासाठी ती नाहीच. नदीची ओळ तीन मिमी खोल ठेवा, म्हणजे बोट तिच्यातून चालत जाईल आणि भराव आला की अडेल. डोळस लोकांनाही ते आवडेल.

सुरुवात ३ बाय ३ ने करा, पण खरी: खरा सेक्शन, खरा स्विच, दोन थर, खऱ्या लांबीच्या वायरी. पिनेबरोबर रोज शेकडो वेळा हलणारी स्विचची वायर आधी तुटते, तेव्हा सिलिकॉन आवरणाची बहुतारी वायर घ्या आणि तिला सैल वळसा द्या. तो तुकडा रात्रभर आपोआप चालू ठेवा. सकाळी कुठली सर्व्हो तापली, कुठली किरकिरते ते बघा. किरकिरणारीला बहुधा काडीचा ताण असतो. पिन जागेवर पोचली की तिचा सिग्नल बंद करा, उष्णताही वाचते आणि आवाजही. अॅल्युमिनियमची पिन हलकी असल्याने गिअरच्या घर्षणावर ती उभी राहते, तीस ग्रॅमच्या पुढे वजन जाऊ देऊ नका.

१४४ लागतात तर १७० सर्व्हो मागवा, एकाच खेपेच्या. वेगळ्या खेपेतल्या सर्व्होचा मध्य थोडा हललेला असतो, मग सपाट जमीन खडबडीत दिसते आणि एकेक पिन जुळवत बसावं लागतं. जुळवणीचे आकडे ईएसपीमध्ये ठेवा, लॅपटॉपमध्ये नको, कारण सादरीकरणाच्या दिवशी लॅपटॉप दुसऱ्याच कुणाचा असतो.